रिवालसरला जाणारी जिज्जी

जिज्जीच्या घरी गेलं की आधी कपाळ पुढे करावं लागे. चपला काढायच्या आत ती जवळ यायची, हाताची मागची बाजू येणाऱ्याच्या कपाळाला लावायची आणि विचारायची, "ताप नाही ना?" दूधवाला, गॅसची टाकी आणणारा, पोलिओचे डोस द्यायला येणाऱ्या बायका, कुणाचीच यातून सुटका नव्हती. आमच्या बँकेचे मॅनेजर एकदा तिच्याकडे सही घ्यायला आले होते. मानी माणूस. ते दचकून मागे सरले, तर जिज्जी म्हणाली, "हिलिए मत, भैया." ते बिचारे शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

आम्ही हसायचो. त्या हातामागे काय आहे ते कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

तिचं नाव सुमती आठल्ये. झाशीत मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात, आणि इथली मराठी घरंही पिढ्यान्‌पिढ्या तेच म्हणत आली. तिला हक्कानं जिज्जी म्हणणारा एकच, तिचा धाकटा भाऊ मधू. पण त्याचं ऐकून शेजारीपाजारी, शाळेतल्या मुली, भाजीवाले, सगळे म्हणायला लागले. तिचे पूर्वज कधीकाळी झाशीजवळच्या गुरसरायच्या मराठी जहागिरीत कागद लिहायच्या कामावर आले आणि इकडचेच झाले. आम्ही नवे. माझे वडील कारखान्यात नोकरी लागली म्हणून अकोल्याहून आले आणि सिविल लाइंसमध्ये त्यांच्या शेजारी भाड्यानं राहिले. जिज्जी 'फडताळ' म्हणायची, माझी आई 'कपाट' म्हणायची आणि मी 'अलमारी' म्हणायचे. माझं मराठी ऐकून जिज्जी म्हणे, "मीरा, तुझ्या मराठीला झाशीची धूळ लागलीय. असू दे. माझ्याही लागलीय, फक्त जुनी आहे म्हणून दिसत नाही."

ती मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, भूगोल शिकवायची. मीही तिच्या हाताखालून गेले. फळ्यावर भारताचा नकाशा ती एका दमात काढायची, खडू न उचलता, कच्छपासून निघून परत कच्छला. नद्या मात्र आमच्याकडून काढून घ्यायची. नावं लिहिण्याची घाई केली की रागवायची. "नाम लिख देने से जगह नहीं मिल जाती," हे तिचं वाक्य वर्गात सगळ्यांना पाठ होतं आणि मधल्या सुट्टीत आम्ही तिच्या आवाजात ते म्हणून दाखवायचो.

एकदा ती सरोवरं शिकवत होती. वुलर झालं, चिल्का झालं, सांभर झालं. मग तिनं हिमाचलात एक बारीकसा गोल काढला, नाव न सांगता. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "जिज्जी, ये कौन सी झील है?" जिज्जीनं त्या गोलाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणी काढला होता. "ये सिलेबस में नहीं है," ती म्हणाली, आणि डस्टर हाताशी असताना तिनं तो तळहातानं पुसला. तास संपेपर्यंत तो पांढरा हात तिनं तसाच उघडा धरून ठेवला होता.

जिज्जीची आई गेल्यावर घरात दोघीच उरल्या. जिज्जी आणि मधूची बायको, शैलावहिनी. जिज्जीनं लग्न केलं नव्हतं, वहिनींचं झालं होतं, पण नवरा नव्हता. म्हणजे होता की नव्हता हेच कुणाला सांगता येत नव्हतं. मधू कारखान्यात कारकून होता. लग्नाला तीन वर्षं झाली असताना एके दिवशी त्यानं नोकरी सोडली आणि घरी येऊन सांगितलं, "मला ते जमत नाही." का, ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. महिनाभर तो ओट्यावर बसून असे. एकदा जिज्जीचा तोल गेला आणि ती म्हणाली, "दोन बायकांच्या जिवावर बसून राहण्यापेक्षा कुठं तरी जा तरी!" तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरंच गेला. नोव्हेंबरात एक पोस्टकार्ड आलं, हिमाचलातल्या रिवालसरहून. 'इथं तळ्यात गवताची बेटं तरंगतात. मी बरा आहे. काळजी नको.' पत्ता नाही, पुढे काही नाही.

ही हकीगत आमच्या आळीला तोंडपाठ होती. वहिनी ठसठशीत कुंकू लावायच्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला सवाष्ण म्हणून त्यांना बोलावलं की त्या काठापदराचं नेसून यायच्या, आणि बायका त्यांच्याशी जरा जास्तच मोठ्यानं बोलायच्या. नणंद-भावजयींचं पटायचं नाही. चहात साखर किती, खिडकी उघडी की बंद, यावरून रोज खटके. पण एकीला ताप आला तर दुसरी जेवायची नाही.

माझ्या लग्नाआधीची गोष्ट. मऊरानीपूरला एका ओळखीच्यांच्या घरी लग्न होतं, आम्ही सगळे गेलो होतो. परत येताना पावसानं चिखल झालेल्या बस स्टँडवर उभे होतो. धान्याच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी समोरून गेली, तिच्या मागून एक माणूस चालला होता. पांढरा शर्ट, जरा वाकलेला. जिज्जीनं हातातली पिशवी खाली टाकली आणि धावली. पन्नाशीची बाई, त्या चिखलात. तिनं जाऊन त्याची बाही पकडली. माणूस वळला. तो कुणी धान्याचा दलाल होता, चेहरा मधूसारखा मुळीच नव्हता. लोक जमले. तो मात्र चिडला नाही. त्यानं तिला पोत्यावर बसवलं, दुकानातून पाणी आणून दिलं आणि विचारलं, "किसको ढूँढ रही हो, अम्मा?"

"माफ करना, भैया," जिज्जी म्हणाली. "चाल तीच होती." हे मात्र मराठीतच म्हणाली. त्यालाही ते कळलं असावं, कारण तो मान हलवून तिथेच उभा राहिला, बस सुटेपर्यंत.

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी चिखलातली पिशवी उचलली, झटकली आणि एवढंच म्हणाल्या, "तो डाव्या पायावर भार टाकून चालायचा. हा उजव्या."

दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत जिज्जी रिवालसरला जायची. एकटी. वहिनींना आधी सासूबाईंच्या आजारपणामुळे घर सोडता येत नव्हतं, आणि सासूबाई गेल्यावर जिज्जीच म्हणायची, "घर बंद राहिलं आणि तो आला तर?" जिज्जी दहा-बारा दिवसांनी परतायची, रापलेली, खोकणारी. वहिनी दारातच विचारायच्या, "कुणी दिसलं?" जिज्जी म्हणायची, "नाही गं." आणि सरळ न्हाणीघरात जायची.

सहा वर्षांपूर्वी तिचे गुडघे अगदीच गेले, तेव्हा वहिनींनी मला गळ घातली. "मीरा, तू जा तिच्यासोबत. ती ऐकायची नाही, आणि एकटी पडली-झडली तर कुणाला कळायचंही नाही." मी रजा टाकली. दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून मंडीची बस आणि मंडीहून डोंगर चढत जाणारी दुसरी छोटी बस.

तळं पाहून मी हरखले. डोंगरांच्या ओंजळीत धरावं एवढंसं हिरवं पाणी. काठावर मठ, देऊळ, गुरुद्वारा, तिन्ही एकमेकांना चिकटून. सगळीकडे रंगीत पताका फडफडत होत्या. पायऱ्यांपाशी माणसं कुरमुरे टाकत होती आणि मासे एकावर एक चढून पाणी उकळल्यासारखं करत होते. आणि खरोखर बेटं होती. बोरूच्या गवताचे दाट पुंजके, वारा येईल तसे हळूच सरकणारे. सकाळी एका काठाला पाहिलेलं बेट दुपारी दुसरीकडे असायचं. मी फोटो काढत सुटले. जिज्जी म्हणाली, "पहिल्या वर्षी मलाही छान वाटलं होतं."

तिला तिथे सगळे ओळखत. चहावाला, मठातले म्हातारे लामा, माळा विकणाऱ्या तिबेटी बायका. "झांसी अम्मा आ गई!" मला आपलं वाटलं, चला, दर वर्षी शोधायला येते म्हणून ओळखतात. पण ती कुणालाच काही विचारत नव्हती. फोटो दाखवत नव्हती. मधूचा फोटो तिनं आणलाच नव्हता, हे दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जीपनं वरच्या गुहांकडे गेलो. तासाभराची चढण. ज्या गुरूंनी तिथे तप केलं म्हणून ती जागा पवित्र मानतात, त्यांची मोठी सोनेरी मूर्ती मुख्य गुहेत आहे. आत लोण्याच्या दिव्यांचा उबट वास, छत धुरानं काळंभोर, आणि खडकातून ठिबकणारं पाणी. आजूबाजूच्या लहान गुहांना लाकडी दारं लावून भिक्षुणी राहतात. एकीच्या दाराबाहेर धुतलेला स्वेटर वाळत होता, एकीच्या दारात कुंडीत कोथिंबीर. जिज्जी काठी टेकत टेकत त्यांतल्या शेवटच्या दाराशी गेली. एका म्हाताऱ्या भिक्षुणीनं दार उघडलं. केस कापलेले, दात दोनच. तिनं जिज्जीचे दोन्ही हात धरले, मग माझ्याकडे बघून हसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "बेटी? अच्छा, अच्छा. आओ. भाई का दिया जलाओ."

मी जिज्जीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती वाकून आत गेली. आत एक खोबण होती, बसून हात वर केला तर छताला लागेल एवढी बुटकी. तिथे चटई, आणि भिंतीत एक कोनाडा. जिज्जीनं पिशवीतून वात काढली, दिवा लावला आणि खडकाला कपाळ टेकवून बसली. मला तिथे थांबवेना. मी बाहेर आले.

नंतर ती कठड्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. खाली दऱ्या, त्यांत लहान लहान तळी चमकत होती. बराच वेळ ती दम खात राहिली. मग बोलली.

"सतरा वर्षं झाली मला कळून. त्याआधी मी खालीच शोधत राहिले. धर्मशाळा, मठ, बस स्टँड. वाटलं, मधू कसला गुहेत राहतोय, त्याला घरी उशी पातळ झाली तरी झोप यायची नाही. एकदा सहज वर आले, तर ही बाई भेटली. हिनं त्याच्या वस्तू ठेवल्या होत्या. शैलानं विणलेला मफलर, चष्मा आणि एक वही."

"म्हणजे…"

"गेला तो. कार्ड आलं त्याच हिवाळ्यात. फेब्रुवारीत. इथेच आत पडून होता आठ दिवस तापानं. हिनं काढे दिले, लोकांना बोलावलं, पण वरून बर्फ पडत होतं, जीप येईना. त्यानं घरचा पत्ता सांगितला नाही. गावकऱ्यांनीच सगळं केलं." तिनं पदरानं काठीची मूठ पुसली. "वहीत शेवटच्या पानावर लिहिलंय. ताप उतरला की घरी."

ती अक्षरं मी नंतर पाहिली. पेन्सिलीची, खाली खाली घसरत गेलेली.

"मग वहिनींना का नाही सांगितलं?" मी विचारलं. जरा रागानंच विचारलं.

"कार्ड आलं तेव्हा शैलानं बॅग भरली होती. डिसेंबरात. म्हणाली, मी जाऊन आणते त्यांना. मी अडवलं. म्हटलं, थंडीत कुठं जातेस, त्याचं डोकं थंड होऊ दे, माझ्या परीक्षा झाल्या की उन्हाळ्यात आपण दोघी जाऊ. तिनं ऐकलं माझं. गरीब होती तेव्हा." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "तो गेला हे मी सांगेन गं. पण ती विचारेल, कधी गेले? फेब्रुवारी हा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही."

तिनं माझ्याकडून वचन घेतलं नाही. घेतलं असतं तर मोडता तरी आलं असतं. झाशीला परतलो, वहिनी दारात उभ्या होत्या. "कुणी दिसलं?" त्यांनी या वेळी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही." आणि त्या दिवसापासून मी त्यांच्या कुंकवाकडे बघायचं टाळू लागले. त्या हळदीकुंकवाला आल्या की मी स्वयंपाकघरात काम काढायचे. जिज्जी तर वहिनींच्या ताटाला ताट लावून जेवत सतरा वर्षं हेच करत आली होती.

पुढे जिज्जीचं डोकं हळूहळू उसवायला लागलं. गॅसवर दूध विसरणं, दुपारीच दिवेलागण करणं. मग ती ओट्यावर बसून कुणाशी तरी हळू आवाजात बोलू लागली. समोर रिकामी खुर्ची असायची. खुर्चीच्या पाठीवर, माणसाचं कपाळ येईल त्या उंचीवर, ती हात लावून बघायची आणि विचारायची, "उतरला का रे?"

एका दुपारी वहिनी आमच्याकडे आल्या. बसल्याही नाहीत. "मीरा, ती कुणाला 'रे' म्हणते ते मला ठाऊक आहे. पण 'उतरला का' म्हणून काय विचारते?"

मी म्हटलं, "वहिनी, तिलाच विचारा." याहून जास्त मला बोलता आलं नाही, आणि तेवढ्यानंच सगळं बोलून झालं. वहिनी जायला वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुलाही ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिज्जी बऱ्यापैकी शुद्धीत होती. वहिनींनी मला मुद्दाम बोलावून बसवलं. जिज्जीनं सगळं सांगितलं, वही काढून दिली, आणि फेब्रुवारी हा शब्दही उच्चारला. वहिनींनी वही उघडली नाही. मांडीवर ठेवली.

"इतकी वर्षं मला सवाष्ण ठेवलंत," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी, का स्वतःसाठी?"

जिज्जी म्हणाली, "स्वतःसाठी."

"मला वाटलंच होतं." वहिनींचा आवाज चढला नाही. "बॅग तुम्ही नाही रिकामी केलीत जिज्जी. तुम्ही नुसतं बोललात. साड्या मीच परत फडताळात लावल्या. एकेक घडी करून. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, ते तुम्हाला ठाऊक नाही. मला भीती वाटत होती, मी गेले आणि ते म्हणाले, येत नाही, तर?"

मग त्या उठून पोळ्या करायला गेल्या. तिसऱ्या दिवशी वहिनींनी मला तीन तिकिटं काढायला सांगितली.

जिज्जीला नेऊ नये असं डॉक्टर म्हणाले होते. वहिनी म्हणाल्या, "ती वाट दाखवणार, मग तिला कसं ठेवू?" साऱ्या प्रवासात त्या जिज्जीशी बोलल्या नाहीत. मात्र संत्री सोलून, बिया काढून एकेक फोड तिच्या तळहातावर ठेवत होत्या. जिज्जीही नीट, एकेक करून खात होती.

माझी रजा चारच दिवसांची होती. त्या दोघी महिनाभर राहणार होत्या. पुढचं मला वहिनींनीच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात जिज्जीच्या छातीत कफ भरला आणि मंडीच्या दवाखान्यात दोन दिवसांत ती गेली. वहिनींनी तिचं सगळं तळ्याकाठीच केलं आणि एकट्या झाशीला परतल्या. त्या आता कुंकू लावत नाहीत. हळदीकुंकवाला बोलावलं तर म्हणतात, "नंतर येईन गं, कैरीची डाळ खायला." आणि खरंच येतात. मी एकदा धीर करून विचारलं, "जिज्जीला माफ केलंत?" त्या म्हणाल्या, "ते नाही विचारायचं. ती असती तर अजून भांडले असते."

मला जिज्जी शेवटची दिसली ती मी परत निघाले त्या सकाळी. वहिनींना घेऊन जाणारी जीप नुकतीच गुहांकडे गेली होती. एवढी चढण जिज्जीला सोसणारी नव्हती, म्हणून तिला तळ्याकाठच्या बाकावर शाल गुंडाळून बसवलं होतं आणि चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी तिच्या पाया पडले. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. "अभ्यास कर," एवढं म्हणाली.

माझी बस सुटली आणि वरच्या वळणावर समोरून ट्रक आला म्हणून थांबली. खिडकीतून खाली तळं दिसत होतं, धुकं उचललं जात होतं. काठानं माळा ओढत माणसं फिरत होती. बाकावर ती एकटी, पांढऱ्या शालीत. तेवढ्यात तिनं मान वर केली, कुणी हाक मारल्यासारखी. तिच्या जवळपास कुणी नव्हतं, मी नीट पाहिलं. जिज्जी बाकावर जराशी सरकली, शालीचं टोक आवरून घेतलं आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

ट्रक निघून गेला. बस वळली.